जंगी पलटणीचे आजोबा चौथ्या रांगेत का बसले?

कृष्णाकाठ :

आमच्या गावची यात्रा नुकतीच पार पडली. गाव सातारा जिल्ह्यातले असून फौजेत कोणीच गेलेले नाही असे घराणे तेथे शोधूनच काढावे लागेल. यंदा यात्रा समितीने कुस्त्यांच्या आखाड्याचे उद्घाटन करण्यासाठी दूरचित्रवाणी मालिकेतील एका अभिनेत्रीला बोलावले होते. तिचे मानधन, गाडी आणि व्यासपीठाची सजावट यांवर वर्गणीचा मोठा हिस्सा खर्ची पडला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ती वेळेवर आली, नीट बोलली आणि लहान मुलांबरोबर कंटाळा न करता छायाचित्रे काढून गेली. माझ्या मनात राहिले ते निराळेच. १९७१ च्या युद्धात जंगी पलटणीबरोबर, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीबरोबर, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत असलेले आमच्या गावचे एक आजोबा त्याच मांडवात चौथ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, आणि सूत्रसंचालकाने त्यांना ‘व्यासपीठासमोरील इतर सर्व मान्यवर’ या शब्दांत गुंडाळले.

घरी आल्यावर मी थोडे मागे जाऊन पाहिले. त्या युद्धात लष्करप्रमुख असलेले फील्ड मार्शल सॅम माणेकशा २७ जून २००८ रोजी तमिळनाडूतल्या वेलिंग्टन येथे निवर्तले. त्यांच्या अंत्यसंस्काराला राष्ट्रपती नव्हते, पंतप्रधान नव्हते आणि तिन्ही दलांचे प्रमुखही नव्हते. केंद्र सरकारच्या वतीने संरक्षण राज्यमंत्री उपस्थित होते. लतादीदी ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या, तेव्हा पंतप्रधान शिवाजी पार्कवर आले आणि देशात दोन दिवसांचा दुखवटा पाळला गेला. भारतरत्न लतादीदींना मिळाले, सचिन तेंडुलकरला मिळाले, आणि ते मिळाल्याचा मलाही आनंदच झाला. परंतु सैनिकी पेशातल्या एकाही माणसाला ते आजवर मिळालेले नाही. ज्याने आपले मन रमवले त्याला आपण डोक्यावर घेतो आणि ज्याने आपल्यासाठी जीव पणाला लावला त्याला मान्यवरांच्या घोळक्यात टाकतो, हे असे का होते, याविषयी येथील जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

सह्यकडा :

कृष्णाकाठ, आपली खंत समजते, पण दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच तराजूत घातल्या जात आहेत असे मला वाटते. प्रसिद्धी हे कर्तृत्वाचे मोजमाप नव्हे, ती वारंवार दिसण्याची उपज आहे. मालिकेतली अभिनेत्री आठवड्यातून सहा दिवस रात्रीच्या जेवणाच्या वेळी आपल्या घरात असते. तिचे लग्न, तिची सासू, तिचे आजारपण हे सारे आपल्याला शेजाऱ्याच्या घरापेक्षा अधिक ठाऊक असते. सैनिकाचे काम घडते ते आपल्या नजरेपासून हजार मैलांवर, आणि त्यातले बरेचसे गुप्तच ठेवावे लागते. जे पाहताच येत नाही त्याच्यावर लोक प्रेम कसे करतील? कारगिलचे उदाहरण घ्या. १९९९ साली ५२७ जवान कामी आले आणि ते युद्ध आपण दूरचित्रवाणीवर पाहिले, म्हणून त्यातली चार-सहा नावे आजही शाळकरी मुलांना सांगता येतात. १९६५ च्या युद्धातली किती नावे सांगता येतील?

दुसरे असे की, कलावंताशी आपला व्यवहार थेट असतो. आपण तिकीट काढतो आणि टाळ्या वाजवतो. सैनिकाशी आपला व्यवहार सरकारमार्फत होतो. कर भरला की आपले देणे फिटले अशी आपली समजूत असते. म्हणून यात समाजाच्या कृतघ्नतेचा भाग कमी आणि मधल्या अंतराचा भाग जास्त आहे. देवीची लस टोचत गावोगाव फिरलेल्या आरोग्यसेवकांना तरी आपण कुठे चौथ्या रांगेच्या पुढे बसवले?

निवृत्त हवालदार :

मी मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षे सेवा करून वयाच्या ४३ व्या वर्षी घरी आलो. येथे सहसा लिहीत नाही, परंतु विषय आमचा आहे म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, आम्हाला कोणत्याही नटनटीचा हेवा वाटत नाही. सीमेवर असताना ट्रान्झिस्टरवर गाणी ऐकूनच आम्ही रात्री काढल्या आहेत. बर्फातल्या चौकीवर सहा माणसे असतात, त्यांतली तीन एकमेकांची भाषा जाणत नाहीत, आणि गाणे लागले की सहाही जण एकदम गप्प होतात. त्या गाणाऱ्यांचे आमच्यावर उपकारच आहेत.

दुसरी गोष्ट, सत्कार नको, पण माजी सैनिक झाल्यावर जे वाट्याला येते ते जरा ऐका. गावात लोक विचारतात ते पलटणीचे नाव नव्हे, तर कँटीनमधून कोट्याची बाटली मिळेल का, हे. हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितक्या वेळा ‘कुठे होता, काय केलेत’ हा विचारला गेलेला नाही. नोकरी मिळते ती बहुधा सुरक्षा रक्षकाची; ज्या माणसाने मोर्टार डिटॅचमेंट सांभाळली तो एटीएमच्या दारात उभा राहतो आणि आतल्या बाबूची गाडी बाहेर निघाली की सलाम करतो. काम कोणतेही हलके नसते हे मलाही कळते. पण आमच्याकडचे कसब, म्हणजे नकाशा वाचणे, माणसे सांभाळणे, वायरलेस चालवणे, वाहन दुरुस्त करणे, हे बाहेर कोणाला दिसतच नाही. मग वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे. एका कार्यालयात तीन खिडक्या फिरल्यावर मला सांगण्यात आले की, साहेब जेवायला गेले आहेत. मी मुकाट्याने बसून राहिलो, कारण थांबायची सवय फौजेने चांगली लावली आहे.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी हे दोन दिवस मात्र आमची आठवण होते. पदके लावून या, असा निरोप येतो.

घाटावरची :

हवालदार काकांचे लिहिणे वाचले आणि धाग्याचा मूळ प्रश्नच थोडा सरकवून मांडावासा वाटला. समाज कलावंताला सैनिकापेक्षा मोठे मानतो हे पूर्ण खरे नाही. समाज मेलेल्या सैनिकाला खूप मोठे मानतो. माझे मामा दहशतवाद्यांशी झालेल्या चकमकीत गेले. तेव्हा मी नववीत होते. त्यांचे पार्थिव आले त्या दिवशी महामार्गापासून गावापर्यंत माणसांची रांग होती, दुकाने बंद होती आणि ज्या नेत्यांना आम्ही फक्त वर्तमानपत्रात पाहिले होते ते आमच्या अंगणात उभे होते. इतकी गर्दी कोणत्याही नटासाठी आमच्या भागात जमलेली मी पाहिलेली नाही. चौकाचौकात फ्लेक्स लागले. त्या फ्लेक्सवर मामांचा फोटो मध्यभागी होता हे खरे, पण खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे सतरा फोटो होते.

तेराव्यानंतर मामी आणि तिची दोन मुले उरली. जाहीर झालेल्या मदतीपैकी काही वेळेवर मिळाली, काही मिळण्यासाठी माझ्या वडिलांना चपला झिजवाव्या लागल्या. ‘वीरपत्नी’ या शब्दाने तिला व्यासपीठावर साडीचोळी मिळते, पण ती हिरवी साडी नेसली तर काय बोलले जाते हे मी येथे लिहिणार नाही.

म्हणून मला असे वाटते की, आपल्याला जिवंत कलावंत आणि मृत सैनिक हवा असतो. मेलेल्या सैनिकाकडून काही मागणे येत नाही, तो म्हातारा होत नाही, त्याचे गुडघे दुखत नाहीत, त्याला पेन्शनमध्ये दुरुस्ती नको असते. चौथ्या रांगेतल्या आजोबांचा दोष एवढाच की ते जमालपूरहून परत आले.

वीरगळ :

घाटावरची, तुम्ही जे लिहिले त्याला जुना पुरावा आहे, पण तो दोन्ही बाजूंनी बोलतो.

महाराष्ट्रात गावोगाव, बहुधा शिवमंदिराच्या आवारात, जे वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, उभे आहेत ते सगळे मृतांचेच आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईंचे रक्षण, त्यावर अप्सरा वीराला स्वर्गात नेत आहेत, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. परत आलेल्या वीराचा दगड नाही. (आणि त्या दगडांवर आज लोक धुणी धुतात, मी स्वतः एक पाणवठ्यावरून हलवून देवळात आणून ठेवला आहे, तो विषय वेगळा.)

मात्र दगड फक्त मृताला मिळत होता म्हणून जिवंत सैनिकाला काही मिळत नव्हते असे नाही. सभासदाच्या बखरीत प्रतापगडच्या युद्धानंतरचा मजकूर जरूर वाचावा. जे कामी आले त्यांच्या मुलांचे चालवावे, ज्यांना मुलगा नाही त्यांच्या बायकांना निमे वेतन द्यावे, आणि जखमींना जखम पाहून २००, १००, ५०, २५ होन (सोन्याची नाणी) द्यावेत, असा शिवाजी महाराजांनी बंदोबस्त केल्याचे सभासद सांगतो. जखम पाहून रक्कम ठरवणे म्हणजे आजच्या भाषेत अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार पेन्शनच झाली. त्यात हारतुरे नाहीत, पण हिशोब आहे.

आता कलावंताकडे येऊ. अफजलखानाच्या वधाचा पोवाडा अज्ञानदासाने रचला आणि सिंहगडाचा तुळशीदासाने. तानाजी मालुसरे आज घराघरांत आहेत ते शाहिरामुळे आहेत. म्हणजे ज्याला आपण येथे करमणूक करणारा म्हणून सैनिकाच्या विरुद्ध उभा करत आहोत, त्यानेच सैनिकाला गावापर्यंत आणले. १९६२ च्या पराभवानंतर २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लतादीदींनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे जे गीत गायले, ज्याची चाल आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची, त्या गीताने त्या युद्धातल्या जवानांसाठी जे केले ते कोणत्याही सरकारी समारंभाने केलेले नाही. दिल्लीतले राष्ट्रीय युद्धस्मारक व्हायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडला. तोपर्यंत ५६ वर्षे लोकांच्या दृष्टीने ते गीत हेच स्मारक होते. सह्यकडा म्हणतात ते अंतर शाहीर तोडत असे. आज तो तोडणारा कोणी आहे का, हे पाहायला हवे.

सह्यकडा :

वीरगळ, मुरलीकांत पेटकरांची गोष्ट तुमच्या मुद्द्याला अगदी चपखल बसते. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा माणूस, सैन्याची वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या ईएमई कोअरमधला, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा जायबंदी झाला. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात विश्वविक्रमासह सुवर्णपदक त्याने आणले, आणि ऑलिंपिक असो वा पॅरालिम्पिक, भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. आणि घराघरांत नाव कधी पोहोचले? २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा. गोळ्या खाऊन नाही, सुवर्णपदक आणून नाही, तर एका लोकप्रिय नटाने त्यांची भूमिका केल्यावर. याला कलावंताचे उपकार म्हणावे की आपली शोकांतिका, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

शंकासुर :

सगळे एका सुरात बोलत आहेत म्हणून थोडा बेसूर लावतो. सैनिकांचा जयघोष वाढावा असे मला मुळीच वाटत नाही. ज्या देशांत गणवेशाची पूजा झाली तेथे पुढे काय झाले हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. पश्चिमेच्या सीमेपलीकडे डोकावले तरी पुरे. आपल्याकडे सैनिक पडद्यामागे राहिला हे लोकशाहीच्या प्रकृतीसाठी चांगलेच झाले. शिवाय जयघोष वाढला की तो वापरणारे लगेच येतात. मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला राजकीय पक्षांना सांगावे लागले की, प्रचाराच्या साहित्यात जवानांची छायाचित्रे वापरू नका. घाटावरची यांच्या गावातल्या फ्लेक्सवरचे सतरा फोटो तेच सांगतात.

आणखी गंमत म्हणजे लष्करालाही प्रसिद्धी हवी असते तेव्हा ते प्रसिद्ध माणसांकडेच जाते. सचिन तेंडुलकर २०१० मध्ये हवाई दलात मानद ग्रुप कॅप्टन झाला आणि धोनी २०११ मध्ये प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल. तरुणांनी भरती व्हावे म्हणून हे करावे लागते, यातच सगळे आले. तेव्हा कलावंतांना हार घाला आणि सैनिकांना वेळेवर पेन्शन द्या, असे माझे साधे म्हणणे आहे. उलट करायला गेलात तर दोघांचेही नुकसान होईल.

निवृत्त हवालदार :

शंकासुर, तुमचे शेवटचे वाक्य आमच्या मेसमध्ये एकमताने पास झाले असते. फक्त एक पुस्ती जोडतो. पेन्शनसुद्धा आपोआप मिळत नाही. ‘वन रँक वन पेन्शन’साठी, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन मिळावी म्हणून, २०१५ मध्ये सत्तर-ऐंशी वर्षांचे लोक जंतरमंतरवर महिनोन्‌महिने बसले होते, आणि तेव्हा पदके परत करायला निघालेल्यांची चेष्टा करणारेही मी ऐकले. आमच्याकडे लोकांचे लक्ष असते ते सरकार हलावे एवढ्यापुरते उपयोगी पडते. तेवढे तरी लक्ष असू द्या.

सिअ‍ॅटलकर :

येथे अमेरिकेत अगदी अनोळखी माणूसही माजी सैनिकाला ‘तुमच्या सेवेबद्दल आभार’ असे म्हणतो, विमानात गणवेशातल्यांना आधी बसवतात आणि बेसबॉलच्या सामन्यात मध्येच उभे करून टाळ्या वाजवतात. पहिली दोन वर्षे मला याचे फार अप्रूप वाटत असे. नंतर माझ्या शेजारी राहणाऱ्या, व्हिएतनाममध्ये लढलेल्या म्हाताऱ्याने सांगितले की तो परत आला तेव्हा गणवेश घालून रस्त्यावर फिरायची त्याला लाज वाटत होती, आणि आता लोक आभार मानतात तेव्हा उत्तर काय द्यावे हे त्याला सुचत नाही. शहराच्या मध्यभागी पुलाखाली झोपणाऱ्यांत माजी सैनिक असतात, हे येथे सर्वांना माहीत आहे.

या देशाने खरे काम केले ते १९४४ च्या कायद्याने. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांना शिक्षणाचा खर्च आणि घरासाठी कर्जाची हमी मिळाली. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख लोकांनी त्यातून शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. वीरगळ यांनी सांगितलेला होनांचा हिशोब मला त्याच जातीचा वाटला. टाळ्या त्या मानाने फार स्वस्त पडतात.

घाटावरची :

सिअ‍ॅटलकर, स्वस्त पडतात हे खरे, पण टाळ्यांना अगदीच मोडीत काढू नका. मामीला सरकारी रक्कम मिळाली ती घर बांधण्यात गेली. तिचा मुलगा मात्र अजूनही शाळेतल्या त्या दिवसाबद्दल बोलतो, जेव्हा वर्गशिक्षकांनी त्याच्या वडिलांची पलटण कोणती, चौकी कोठे होती, हे त्यालाच फळ्यावर नकाशा काढून सांगायला लावले होते. त्यात हार नव्हता, भाषण नव्हते. कोणीतरी नीट विचारले होते, एवढेच.

कृष्णाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. घाटावरची यांचा प्रतिसाद वाचल्यावर मला थोडी शरम वाटली, कारण आजोबा चौथ्या रांगेत बसले याचा राग धरून मी येथे एवढे लिहिले, पण त्यांच्याकडे जाऊन मी स्वतः काही विचारले नव्हते. म्हणून काल संध्याकाळी गेलो.

ते ओट्यावर बसले होते. मी यात्रेचा विषय काढला आणि तुम्हाला पुढे बसवायला हवे होते असे म्हणालो, तर ते हसले. चौथी रांग त्यांनी स्वतःच निवडली होती, कारण तेथे पंखा होता. त्या अभिनेत्रीला पाहायला ते नातीच्या हट्टामुळे आले होते आणि कार्यक्रम संपल्यावर दोघांनी तिच्याबरोबर छायाचित्रही काढून घेतले. ते त्यांनी मला नातीच्या मोबाइलवर दाखवले. मालिकेतली तिची सासू तिला फार छळते, असेही त्यांनी मला गंभीरपणे सांगितले.

जमालपूरबद्दल विचारल्यावर मात्र ते बराच वेळ बोलत राहिले. ब्रह्मपुत्रा ओलांडल्याचे, शत्रूच्या पाठीमागे जाऊन रस्ता अडवल्याचे, १० डिसेंबरच्या रात्री अंधारात अंगावर आलेल्या पाकिस्तानी तुकड्यांचे. शेजारच्या खंदकातल्या दोघांची नावे आणि गावे त्यांनी सांगितली, ती मी येथे लिहीत नाही. मग आतून पत्र्याची डबी आणली. तीत १९७१ च्या युद्धाचे ‘पूर्वी स्टार’ हे पदक होते, रिबन पार विटलेली. डबीच्या तळाशी घडी घातलेला एक कागद होता आणि तो त्यांनी पदकाच्या आधी माझ्या हातात दिला. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर, म्हणजे पीपीओवर, आजींचे माहेरचे नाव आहे आणि आधार कार्डावर सासरचे. आपल्यामागे तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळताना अडचण येईल, ही त्यांना खरी काळजी आहे, आणि चार वर्षांपासून त्यांना जो तो दुसऱ्याकडे पाठवतो आहे. हवालदार काका, याचे काय करावे लागते, हे आपण सांगू शकाल का?

निवृत्त हवालदार :

सांगतो. काम सरळ आहे, कोणी नीट सांगत नाही इतकेच. आजोबांना घेऊन साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. डिस्चार्ज बुक, पीपीओची प्रत, दोघांचे आधार, बँकेचे पासबुक, विवाहाचा जो पुरावा असेल तो, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र बरोबर ठेवा. अर्ज तेथून बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो आणि नावाची दुरुस्ती तेथेच होते. बँकेत खेटे घालून उपयोग नाही. मुलांची नावे कागदावर लागली आहेत का तेही त्याच वेळी पाहून घ्या. आजींनाही बरोबर न्या, सहीसाठी पुन्हा हेलपाटा नको. सकाळी लवकर जा, आणि मला व्यक्तिगत निरोपात दिवस कळवा. मी त्याच भागात आहे, येऊन उभा राहीन. आजोबा कोणत्या कंपनीत होते तेवढे विचारून ठेवा.